दसऱ्याचा हप्ता

लष्कर शहरात, नया बाजाराच्या मागच्या गल्लीत राहणारे गोपाळकृष्ण उपाध्ये विम्याचा हप्ता तिथीने भरत. हसायचं तर हसून घ्या. पण त्या माणसाचा उभा जन्म पंचांगात गेला होता. चार-दोन सरदार घराण्यांचं उपाध्येपण त्यांच्याकडे. कुणाची मुंज, कुणाची शांत, कुणाच्या आजोबांचं श्राद्ध, सगळ्या तिथ्या तोंडपाठ. सप्टेंबर-ऑक्टोबर हे साहेबलोकांचे महिने, आपला त्यांच्याशी संबंध काय, असं ते म्हणत आणि इतक्या ठासून म्हणत की ऐकणाऱ्यालाही घटकाभर पटायचं.

विमा काढला तो मात्र बायकोच्या, म्हणजे दुर्गाबाईंच्या हट्टापायी. पदरी मूल नाही, माहेरी कुणी उरलेलं नाही. एक थोरली बहीण विजयाबाई, ती उज्जैनला विधवा होऊन दिराच्या घरात पडलेली. दुर्गाबाई एकदा तिच्याकडे राहून आल्या. मग एके दिवशी नवऱ्याच्या पानात भात वाढता वाढता म्हणाल्या, "आक्काला सुपारीचं खांड हवं असलं तरी जावेच्या तोंडाकडे बघावं लागतं. दुपारची जरा पाठ टेकली की आत भांडी आपटतात. तुमच्यामागे माझंही तसंच होणार ना हो?"

"जेवताना काय हे अभद्र बोलणं!" उपाध्ये खेकसले. पण पान अर्धंच टाकून उठले.

तेव्हा बोलावणं गेलं किला गेटच्या रमाकांतला. हा रमाकांत मुंबईच्या एका विमा कंपनीची एजंटी करायचा. तोंडात सदा पान, आणि मराठी बोलता बोलता हिंदीत घसरायची खोड. तेहेतीस सालच्या दसऱ्याला चांगला मुहूर्त बघून दोन हजारांचा विमा निघाला. उपाध्ये आहेत तोवर दरसाल हप्ता भरायचा, आणि त्यांच्यामागे दोन हजार रुपये दुर्गाबाईंच्या हातात.

"शास्त्रीजी, हप्ता चुकवू नका बरं," रमाकांतने बजावलं. "मनिऑर्डर करा, नाहीतर माझ्या हाती द्या, मी रसीद देतो. एकरकमी जड जात असेल तर सहामाही करून घ्या, तिमाही करून घ्या. तारीख टळली तर कंपनी महिनाभर थांबते. उसके बाद राम राम! आपली तारीख सप्टेंबरची अठ्ठावीस."

"म्हणजे दसरा," उपाध्ये म्हणाले. "शमी पूजून आलो की पैसे रवाना. पक्कं!"

रमाकांतने मान डोलावली. तिथेच त्याने कान उपटायला हवे होते, पण शास्त्रीबुवांचे कान कोण उपटणार? पुढची दोन वर्षं दसरा थोडा उशिरा आला, तरी त्या महिन्याच्या सवलतीत बसून गेला. चूक होतेय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मग छत्तीस साली अधिक भाद्रपद आला. अधिक महिना आला की पुढचे सगळे सण लांबतात, हे लष्करभर सांगत फिरणारे कोण? हेच! घरोघरी जाऊन अनारशांची वाणं घेणारे कोण? तेही हेच! पण कंपनीच्या कॅलेंडरात अधिक महिना नसतो, एवढी साधी गोष्ट त्या विद्वानाच्या डोक्यात आली नाही. दुर्गाबाईंनी मधे विचारलंही होतं, "हप्त्याचं काय झालं?" तर "पितृपंधरवड्यात असले व्यवहार करतात का? दसऱ्याला बघू," म्हणून त्यांना उडवून लावलं. दसरा झाला, शमी पुजली, पोस्ट उघडल्यावर मनिऑर्डर केली. ती मुंबईला पोचेपर्यंत मुदत उलटून गेली होती. दिवाळीनंतर पैसे परत आले आणि पाठोपाठ रमाकांत आला.

"शास्त्रीजी, विमा बंद पडला," तो म्हणाला.

उपाध्यांचा चेहरा पांढराफटक पडला. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या दुर्गाबाईंनी चौकट घट्ट धरली.

"घाबरू नका, अजून रस्ते आहेत," रमाकांत म्हणाला. "तीन हप्ते भरलेत, म्हणून सगळंच काही बुडत नाही. आहे तसाच सोडून दिलात तर तुमच्यामागे काकूंना तीनशेच्या आसपास मिळतील, पुढे एक पै भरायला नको. नाहीतर विमा मोडून टाका, थोडेफार आत्ताच हाती येतील. आणि पूर्ण दोन हजार हवे असतील तर व्याजासकट हप्ता भरा आणि तब्येत ठणठणीत आहे, कसला आजार नाही, असं लिहून सही द्या. इतक्या लवकर करताय तर डॉक्टरची तपासणीसुद्धा नको."

"एवढंच?" उपाध्ये म्हणाले.

"एवढंच. फक्त लिहाल ते खरं हवं. पुढेमागे काही झालं की कंपनी शेवटच्या डॉक्टरला विचारते, दुखणं कधीपासूनचं होतं? सहीच्या आधीचं निघालं तर दमडी मिळत नाही. वो तीन सौ भी गए. पण तुम्हाला काय धाड भरलीय!"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी रमाकांतला ठाऊक नव्हती. आदल्या वर्षीच दुर्गाबाईंना मोरीत मुंग्या दिसल्या होत्या. उपाध्ये लघवीला जाऊन आले की मोरीच्या कडेला मुंग्यांची रांग लागायची. दुर्गाबाईंचे वडील मधुमेहानेच गेले होते, तेव्हा त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नवऱ्याच्या कानावर घातलं तर त्याने दटावलं, "कुठे बोलू नकोस. आजारी ब्राह्मणाला कोण पानावर बसवतं?" तेव्हापासून त्या मोरीत मुकाट्याने पाणी ओतत होत्या.

उपाध्ये आत आले. दोघं चुलीपाशी उभी राहिली.

"तीनशेत तुझं किती दिवस निघतील?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

खोटं लिहू नका, एवढे तीन शब्द दुर्गाबाईंच्या ओठांवर होते. पण डोळ्यांपुढे आक्का उभी राहिली. बाई गप्प राहिल्या, आणि हे गप्प राहणंच पुढे त्यांना जन्मभर खात राहिलं.

"चूक माझी आहे, मीच निस्तरतो," म्हणून उपाध्ये बाहेर गेले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाला खोटा मुहूर्त काढून दिला नव्हता, त्याने त्या कागदावर सही केली.

विमा पुन्हा चालू झाला. हप्त्याचं काम आता दुर्गाबाईंनी आपल्याकडे घेतलं. रमाकांतकडून कॅलेंडर आणून देवघराशेजारी टांगलं आणि भाद्रपद असो की आणखी काही, तारखेच्या कितीतरी आधी पैसे त्याच्या हातात ठेवून पावती घेऊ लागल्या. हप्ता काही चुकला नाही. पण घरातलं स्वास्थ्य गेलं ते गेलंच.

कारण आता आजार दिसता कामा नये! उपाध्ये पंगतीला बसले आणि लाडू नको म्हणाले, तर यजमान विचारणार, का हो, प्रकृती बरी नाही? मग लाडू खायचा. श्राद्धाची खीर आली, वाटी पुढे करायची. नया बाजारातला हलवाई ओळखीचा, तो जाता-येता हाक मारून पेढा हातावर ठेवायचा, "लीजिए पंडितजी!" तोही खायचा, हसून खायचा. घरी यायचं, घागरभर पाणी प्यायचं आणि भिंतीला टेकून बसायचं. दुर्गाबाई घरी ज्वारीची भाकरी, कारल्याची भाजी, मेथ्या, काय काय करायच्या. पण बाहेरच्या पंगतींना त्या काय करणार? पंगत सोडली तर दक्षिणा गेली, दक्षिणा गेली तर हप्ता गेला.

"एकदा डॉक्टरला दाखवा हो," त्या म्हणायच्या.

"दाखवलं की लिहिलं गेलं," ते म्हणायचे. "आणखी काही वर्षं निभावून नेऊ. तुला दोन हजार मिळाले पाहिजेत."

"मला नकोत ते मेले दोन हजार!"

"आता नको म्हणून कसं चालेल? सही तर होऊन गेली."

आणि ते खरंच होतं. मागे फिरायला वाटच नव्हती. खरं सांगावं तर सगळं बुडणार, न सांगावं तर हा माणूस डोळ्यांदेखत झिजणार. कधी कधी तर दुर्गाबाईंच्या मनात असा हिशेब सुरू व्हायचा की त्यांची त्यांनाच किळस यायची. मग त्या उठून देवापुढे नाक घासायच्या आणि पुन्हा मोरीत पाणी ओतायला जायच्या. नवराबायकोत कधी नव्हे तो अबोला येऊ लागला. एकमेकांवर राग नव्हता. बोलायला गेलं की तोच विषय निघायचा, म्हणून बोलणंच टाळायचं.

अडतीस सालच्या पितृपंधरवड्यात उपाध्यांच्या पायाला खडा लागला. अनवाणी यजमानांकडे चालले होते, अंगठ्याशेजारच्या बोटाला टोचला. एवढंसं ते, पण भरून येईना. हळद लावली, तूप लावलं. बोट आधी सुजलं, मग निळं पडलं, मग काळं दिसू लागलं. ताप चढला. खोलीत वास येऊ लागला. तरी हा गृहस्थ म्हणतो, "ऊद जाळ, म्हणजे कुणाला कळायचं नाही!"

दुर्गाबाई नवऱ्याची सेवा करणारी बाई, त्याचा शब्द खाली न पडू देणारी. पण त्या सकाळी त्यांनी पदर खोचला, दाराला बाहेरून कडी घातली आणि तडक सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टर जयसिंहरावांना घेऊन आल्या.

डॉक्टरांनी पाय उचलून पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"शास्त्रीबुवा, मधुमेह आहे तुम्हाला?"

"छे! मला कसला मधुमेह?"

"खोटं बोलू नका. बोटावरून दिसतोय. कधीपासून आहे तेवढं सांगा."

"असला तर दोन-चार महिन्यांचा असेल," उपाध्ये म्हणाले.

डॉक्टर दुर्गाबाईंकडे वळले. "बाई, मला नक्की कळायला हवं. नवा असेल तर मी आज पट्टी बांधून जातो, दोन दिवस वाट बघू. जुना असेल तर वाट बघायची सोय नाही. आत्ताच दवाखान्यात न्यायचं, बोट काढायचं आणि इन्सुलिनची सुई सुरू करायची. उशीर केला तर पाय जाईल. पाठोपाठ माणूसही जाईल. बोला."

उपाध्यांनी मान किंचित हलवली. नको. दोन वर्षांत एवढी आर्जवी नजर त्यांनी बायकोकडे टाकली नव्हती. दुर्गाबाईंना ती नजर कळली. दोन हजार रुपये कळले, उज्जैनचं ते घर कळलं, स्वतःचं सगळं पुढचं आयुष्य कळलं.

"तीन वर्षं झाली," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की. विम्याच्या कागदावर तब्येत चांगली आहे म्हणून सही केली ना यांनी, त्याच्याही आधीपासून. मला तेव्हाही ठाऊक होतं."

डॉक्टरांनी वही काढली. "बाई, हे मला लिहावं लागेल."

"लिहा," दुर्गाबाई म्हणाल्या. "मोठ्या अक्षरात लिहा."

डॉक्टर टांगा बघायला बाहेर गेले. उपाध्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. "अगं वेडे, काय करून बसलीस हे! तुझ्यासाठीच खाल्ले ना मी सगळ्या गावाचे लाडू? आता माझ्यामागे तुझं काय होणार गं?"

दुर्गाबाई त्यांच्या पायाशी बसल्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि आवाज मात्र भांडणाचा होता.

"जे आक्काचं झालं ते होईल! पण ते तुम्ही गेल्यावर ना? मग आज मी तुम्हाला जाऊ देत नाही. उठा, माझ्या खांद्यावर हात टाका."

त्यांनी हात टाकला.