मागच्या कॅमेऱ्यातला बाबल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवळात हात जोडून उभा राहिलो की कधी कधी सुरुवात करतो – पण दोन वाक्यांनंतर माझं मलाच कळतं की मी शब्द बदलतोय, गोष्ट जरा सोपी करून सांगतोय. देवालासुद्धा! तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुमच्यापुढे कदाचित बदलणार नाही. बघू.

मी सदानंद. पेडणे तालुक्यातलं पार्से हे माझं गाव. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या सुमारास मी डिचोलीच्या खाणींवर टिपर चालवायला लागलो आणि खाणी बंद पडेपर्यंत तेच करत राहिलो. बाबल मला तिथेच भेटला. तो तेरेखोल नदीच्या पलीकडचा, सिंधुदुर्गातला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, माझ्या टिपरवर क्लीनर. तेव्हा कसले कॅमेरे? टिपर मागं घ्यायचा म्हणजे बाबलनं मागं उभं राहायचं आणि गाडीच्या पत्र्यावर हातानं थाप मारायची. एक थाप – ये. दोन थापा – थांब. इंजिनाच्या आवाजात माणसाचं ओरडणं ऐकू येत नाही, पण थाप ऐकू येते. अंगात शिरते ती.

एकदा पावसाळ्यात मी मातीच्या ढिगाऱ्यावर टिपर मागं घेत होतो. कडा भिजून सुटलेली. दोन थापा पडल्या आणि मी ब्रेक दाबला. उतरून बघतो तर मागचं चाक निम्मं हवेत. खाली साठ-सत्तर फुटांचा खड्डा. बाबलनं पाठीवर थोपटलं आणि चहा प्यायला घेऊन गेला.

हे का सांगतोय? तो किती चांगला होता हे दाखवायला? नाही. मी कुणाशी वागलो ते कळावं म्हणून.

खाणी बंद झाल्या. दोन वर्षं मी घरच्या काजूंत राबलो. मग किनाऱ्याकडच्या एका शेठनं घरगाडी आणली. आम्हीच तिला घरगाडी म्हणायचो. जीपमागं जोडून ओढायची – आत दोन पलंग, छोटा ओटा, न्हाणी, जनेलांना, म्हणजे खिडक्यांना, पडदे. पाहुण्यांना समुद्र बघून कंटाळा आला की ही गाडी आत गावांत न्यायची, कुणाच्या तरी बागेत लावायची, एक-दोन दिवस तिथं राहायचं. शेठला अवजड गाडीचा सराव असलेला ड्रायव्हर हवा होता. मी लागलो. आणि सोबतीला माणूस पाहिजे म्हटल्यावर मीच बाबलला बोलावून घेतला.

घरगाडी जोडली की जीपच्या आरशांत मागचं काही म्हणजे काही दिसत नाही. फक्त गाडीच्या पांढऱ्या भिंती. म्हणून शेठनं फोंड्याच्या एका कारागिराकडून मागं, वरच्या बाजूला कॅमेरा बसवून घेतला. त्याचा पडदा माझ्या स्टिअरिंगशेजारी, तळहाताएवढा. बाबलला त्याचं फार कौतुक. "आता थापो मारूची गरज नाय," म्हणायचा, "तू माका घरबसल्या बघतंस." मग तो मागं उभा राहून कॅमेऱ्याकडं बघत हातानं खुणा करायला लागला. पंजा हलवला की ये. पंजा आडवा धरला की थांब.

आता त्या दिवसाबद्दल.

हळर्णला, किल्ल्याच्या अलीकडं, एक काजूची बाग. एप्रिल महिना, दुपारचे बारा-साडेबारा. पिकून पडलेल्या बोंडांचा वास सगळीकडं. पुण्याचं एक कुटुंब होतं – म्हातारं जोडपं, त्यांची मुलगी आणि जावई. बागेच्या कडेला चिऱ्यांची भिंत, भिंतीलगत मोठा फणस. म्हातारीला ऊन सोसत नव्हतं, म्हणून गाडी अगदी फणसाखाली, भिंतीला लागून पाहिजे होती.

घरगाडी मागं घेणं म्हणजे टिपर मागं घेणं नव्हे. इथं स्टिअरिंग डावीकडं फिरवलं की मागची गाडी उजवीकडं जाते. सगळं उलटं. हातांना इतक्या वर्षांची सवय, ते ऐकत नाहीत. पहिल्यांदा घरगाडी वाकडी झाली. पुढं घेतली. दुसऱ्यांदा आणखी वाकडी. जावई मोबाइलवर शूटिंग करत होता. म्हणाला, "काका, लायसन्स आहे ना?" सगळे हसले. तेव्हा बाबल माझ्या खिडकीपाशी आला आणि हळूच म्हणाला, "उलटा फिरव रे सदा, उलटा." हळूच म्हणाला हो. पण जावयानं ते ऐकलं आणि "उलटा, उलटा" करत पुन्हा हसला. आणि बाबल – तोही हसला. भिडेखातर हसला असेल. पाहुणे हसले की आपण हसतो ना, तसा.

मला ते लागलं. साठ फुटांच्या कडेवर टिपर उभा करणारा मी. आणि माझा क्लीनर मला शिकवतो? चार परक्यांसमोर?

तिसऱ्यांदा गाडी सरळ आली. फणसाची सावली छपरावर आली. भिंत जवळ आली. बाबल मागं, गाडी आणि भिंत यांच्या मधे. आणि मग ते झालं. बाबलचा उजवा हात गाडीच्या मागच्या लोखंडी पट्टीत आणि भिंतीत सापडला.

मी सगळ्यांना जे सांगितलं ते असं – उन्हानं पडदा पांढरा पडला होता, मला काही दिसलं नाही, बाबलनं थाप मारली नाही, मला वाटलं अजून जागा आहे. शेठला हेच सांगितलं. डॉक्टरांना हेच. बाबलच्या बायकोला, वैनीला, इस्पितळाच्या पायऱ्यांवर बसून हेच. इतक्या वेळा सांगितलं की आता ते खऱ्यासारखं तोंडात बसलंय.

पडदा पांढरा पडला नव्हता.

पडदा स्वच्छ होता. फणसाच्या सावलीत आल्यावर तर आणखीच स्वच्छ. त्यात बाबलचा पंजा दिसत होता, आडवा धरलेला. थांब. मी थांबलोसुद्धा. ब्रेकवर पाय होता माझा. मग बाबल वळला, भिंतीवरून पुढं आलेली एक सुकी फांदी मोडायला लागला. डाव्या हातानं फांदी, उजवा हात आधाराला भिंतीवर टेकलेला. पाठ माझ्याकडं. हे सगळं मला दिसत होतं – त्याचा विटका निळा शर्ट, कॉलरखाली दुमडून ठेवलेला रुमाल.

मग पाय का सोडला?

कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की घाई होती, ऊन होतं, म्हातारी कुरकुर करत होती. मग म्हणायला लागलो की अंदाज चुकला, अजून वीतभर जागा असेल असं वाटलं. जागा वीतभर नव्हती आणि ते मला माहीत होतं. भिंतीपासून किती अंतर आहे हे मला पडद्यात बघायचीही गरज नसते.

मला त्याला दचकवायचं होतं. बस, एवढंच. गाडी चार बोटं मागं सरकेल, बाबल घाबरून उडी मारेल, आणि मग मी हसेन. पाहुणेही हसतील – त्याला. हे माझ्या मनात होतं. शब्दांत नव्हतं, पण होतं. म्हणून मी ब्रेक सैल केला. उतार मागं होता, गाडी आपली आपण गेली. मी ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त गेली.

तो ओरडला नाही. दोन थापा ऐकू आल्या पत्र्यावर. डाव्या हाताच्या. जुन्या पद्धतीच्या.

मधली दोन बोटं काढावी लागली आणि तिसरं कायमचं ताठ झालं. कुणी म्हणेल, जीव वाचला ना? पण बाबल पखवाज वाजवायचा. त्यांच्या गावच्या भजनात, आमच्या पार्शाच्या देवळात, फोंड्याकडच्या देवळांतसुद्धा त्याला बोलावणी यायची. खाणीवर दुपारच्या सुट्टीत तो टिपरच्या बॉनेटवर बोटं फिरवायचा आणि आम्ही डबे खायचे थांबायचो. आता पट्टी बांधलेला हात छातीशी धरून तो खाटेवर पडला होता, आणि मी आत गेलो तेव्हा पहिलं वाक्य काय बोलला असेल?

"तुझो काय दोष नाय, सदा. माका थाप मारूक उशीर झालो. त्या कॅमेऱ्यार इसवासलंय मी."

तेव्हा सांगता आलं असतं. वैनी बाजूला उभी होती, बाबल माझ्याकडं बघत होता. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मी रडतोय.

आणि तिथंही गोष्ट संपत नाही. कॅमेऱ्याला एक कार्ड होतं, नखाएवढं. गाडी चालू असेपर्यंतचं सगळं त्यावर उतरायचं. इस्पितळातून निघताना शेठचा फोन आला, "कार्ड काढून ठेव, काय झालं ते बघूया." मी हळर्णला परत गेलो. पाहुणे दुसऱ्या गाडीनं निघून गेले होते. बागेत मी एकटा. ते चित्र मी एकदा बघितलं. पंजा. फांदी. भिंतीवरचा हात. मधे किती वेळ गेला मोजलं नाही, पण बराच गेला – माणूस विचार बदलू शकेल इतका. मग कार्ड काढलं, दातांत धरून मोडलं आणि नदीवरच्या पुलावर जीप थांबवून खाली टाकलं. शेठला म्हणालो, कार्ड बिघडलेलं होतं.

शेठनं फोंड्याच्या त्या कारागिराला बोलावून फैलावर घेतलं. त्यानं भर उन्हात गाडी उभी करून पडदा तपासला. "साहेब, चित्र चोख दिसतंय. परत परत बघा," म्हणाला बिचारा, आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "आज दिसतंय. तेव्हा दिसत नव्हतं." शेठनं माझ्यावर विश्वास ठेवला. त्या कारागिराला पुन्हा काम दिलं नाही. आणि बाबलला सांगितलं, एका हातानं हे काम जमायचं नाही, शिवाय चूक तुझीच आहे, गाडी आणि भिंतीच्या मधे जायचंच नव्हतं. हे बोलणं माझ्यासमोर झालं. बाबल "व्हय, व्हय" म्हणत होता. मी जीप पुसत होतो. पुसायला काही नव्हतं, तरी पुसत होतो.

मी तिथं आणखी सहा वर्षं काम केलं. त्याच जीपवर. मागं कुणाला ठेवलं नाही. शेठ पाहुण्यांना सांगायचा, आमचा ड्रायव्हर फार जपून चालवतो.

बाबलकडं माझं जाणं-येणं सुटलं नाही. सोडायची तर हिंमत पाहिजे ना? वर्षातून दोनदा जायचो, जाताना काजू घेऊन जायचो, आमच्या पोदेराकडचे, पाव भाजणाऱ्याकडचे, पाव न्यायचो, कारण वैनीला ते आवडतात. लोक म्हणायचे, बघा, मैत्री अशी असावी. वैनीसुद्धा म्हणायची, "आमका तुम्ही सोडूक नाय." मी चहा घ्यायचो.

गेल्या वर्षी त्यांच्या गावच्या देवळात भजनी सप्ताह होता. दुपारच्या पाळीला मी गेलो. पखवाजावर दुसरा कुणी होता, चांगला वाजवत होता. बाबल खांबाला टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर. करंगळी तालाबरोबर हलत होती, ताठ तर्जनी तशीच होती, आणि मधे रिकामी जागा. मी दुसरीकडं बघायला लागलो.

पाळी संपल्यावर आम्ही बाहेरच्या ओट्यावर चहा घेऊन बसलो. त्यानं कप बाजूला ठेवला. मग म्हणाला, "सदा, एक सांगूचा आसा. कितकी वर्सा मनात आसा."

मला वाटलं, कळलं याला. इतक्या वर्षांनी कळलं. आणि खरं सांगतो – मला बरं वाटलं. छाती मोकळी झाल्यासारखी वाटली.

तो म्हणाला, "त्या दिसा मी थाप मारली असती तर तुका ह्यां सगळा सोसूचा लागला नसता. तू अजून माझ्या हाताकडे बघणस नाय, माका दिसता ता. माझ्या एका चुकीन तुझ्या जिवाक इतकी वर्सा घोर लागलो. माका माफ कर."

त्यानं तोच हात पुढं केला. मी तो दोन्ही हातांत धरला.

"माफ केलंय रे," मी म्हणालो.

त्याचे डोळे भरून आले. हलकं झालं त्याला, तोंडावर दिसत होतं. देवळाबाहेर चहा वाटणाऱ्या वैनीला हाक मारून त्यानं आणखी चहा मागवला. मी तोही प्यालो.

बाबल अजून आहे. माझ्या घरापासून त्याचं घर मोटारसायकलनं पाऊण तासावर. आणि हे मी तुम्हाला सांगितलं, त्याला नाही.