गोदाकाठची नॉर्मंडी: गिराम सरांच्या उतरणीला दुसऱ्यांदा

भागवतचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये थंडगार इडली चिवडत बसले होते. "उजे, सरांनी हो म्हणलंय," तो ओरडला. "उतरणी करायची. पुन्यांदा. आपली सगळी बॅच." मी म्हटलं, बरं. तो पुढे म्हणाला, "आन दगड बघायला सरांनी तुलाच नेमलंय." माझी इडली तिथेच राहिली.

आता हे सगळं काय प्रकरण आहे ते आधी सांगते, म्हणजे तुम्हीही जानेवारीत परभणी जिल्ह्याकडे जायचं ठरवलंत तर नदीकडे जरा वेगळ्या नजरेने बघाल. सोनपेठपासून बारा-तेरा किलोमीटरवर, गोदावरीच्या काठावर आमचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर सर रागावतील. गिराम सर आम्हाला दहावीला इतिहास-भूगोल शिकवायचे. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी समुद्र ओलांडून फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर फौजा उतरवल्या, तो धडा पुस्तकात जेमतेम चार ओळींचा. सर तो तीन आठवडे शिकवायचे, आणि शेवटी तो आमच्याकडून करूनच घ्यायचे, तीच उतरणी. नदीच्या मधोमध एक बेट आहे, ते फ्रान्स. मळ्याकडचा उतार म्हणजे इंग्लंड. आणि जहाजं म्हणजे काहिली. गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती भली मोठी लोखंडी कढई पाहिली असेल ना, तीच. आमच्याकडे तिच्यात बसून माणसं नदी पार करतात, हसू नका.

नॉर्मंडीला ओहोटी गाठणं महत्त्वाचं होतं, कारण शत्रूने वाळूत पुरून ठेवलेले अडथळे तेव्हाच उघडे पडायचे. आमच्या नदीला कुठली ओहोटी! पण वरच्या बंधाऱ्यातून कधी पाणी सोडतील याचा नेम नाही. म्हणून सरांनी युक्ती काढली होती. घाटावर धुणं धुवायचे पाच दगड आहेत, वरून खाली, एकाखाली एक. हिवाळ्यात बाया पाचव्यावर धुतात. पाचवा दगड उघडा असेल तर निघायचं, बुडालेला असेल तर थांबायचं. पहाटे घाटावर जाऊन तो दगड बघून यायचं काम आमच्या वर्षी माझ्याकडे होतं.

मी गेले नाही. थंडी मरणाची होती, भागवतच्या शेतात हुरड्याची आगटी पेटली होती, आणि मी तिथे हात शेकत बसले. तेवढ्यात ओल्या धुण्याची पाटी डोक्यावर घेऊन एक बाई घाटाकडून वर आली. धुणं झालंय म्हणजे दगड उघडा आहे, असा हिशेब मी बसल्या जागी केला आणि मळ्याच्या उतारावर जाऊन सरांना "पाचवा उघडा" असं सांगितलं. बाईने दुसऱ्या दगडावर धुतलं होतं. पाणी तीन दगड चढलं होतं.

मधल्या धारेत काहील गरगर फिरली आणि कलंडली. सरांनी होडीवाले भोई दोर घेऊन उभे केलेले होते म्हणून सगळे वाचलो. भागवतचा हात काहील आणि खडकाच्या मध्ये सापडून मोडला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओसरीवर अख्खं गाव जमलं, आणि सर म्हणाले, "बेत माझा, हुकूम माझा, दोष माझा. पोरांना कुणी एक शब्द विचारायचा न्हाई." उतरणी कायमची बंद झाली. सरांची बदली झाली ती थेट चारठाण्याला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. दगड कुणी पाहिला, कसा पाहिला, हे कुणीच विचारलं नाही, आणि मीही पंचवीस वर्षं तोंड उघडलं नाही. या खेपेला ते सरांना सांगायचं, एवढ्याचसाठी मी निघाले होते. हुरडा वगैरे सगळं निमित्त.

पुण्याहून संध्याकाळी गाडी धरली की सकाळी परभणी. स्टेशनबाहेर सुशीला खा. चुरमुऱ्यांची ही तिखट-ओलसर न्याहारी पुण्यात कुणी मागितली तर लोक बाईचं नाव समजतात. सोनपेठला थेट एसटी मिळाली तर नशीब, नाहीतर गंगाखेडला बदलायची. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे बस बायकांनी भरलेली आणि गप्पांनी तर उतू चाललेली. सोनपेठचा बाजारचा दिवस टाळा, मी टाळला नाही. माझ्या मांडीवर एका आजींनी न विचारता मेथीची जुडी ठेवली आणि म्हणाल्या, "धर जरा, लेकराला घेतल्यावाणी." वीस किलोमीटर मी मेथी सांभाळली. दोन्ही बाजूंना हिरवीगार ज्वारी, मधेमधे तोडणी झालेले उसाचे फड. रस्ता बरा आहे, शेवटचे चार किलोमीटर सोडून. तिथे पाठीची काळजी आपापली घ्यावी.

गावात भागवतच्या घरी उतरले. तो आता पाच एकरांचा कारभारी आणि दोन काहिलींचा मालक. त्याचा तो हात अजून कोपरात थोडा वाकडाच आहे, ते बघून मी नजर खाली घातली. त्याच्या बायकोने धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याची वाटी पुढे केली. "लय वाळलीस गं," म्हणाली, जे मला पुण्यात कुणीही म्हणत नाही, त्यामुळे मी चार धपाटे खाल्ले.

दुपारी सर आले. सत्तरी ओलांडलेली, काठी हातात, पण आवाज तोच, मागच्या बाकावरचं झोपलेलं पोरगं उठवणारा. आम्ही वीस-बावीस जण चाळिशीतले, पोटं सुटलेले, सतरंजीवर मांडी घालून बसलो आणि पुन्हा वर्ग सुरू झाला.

"भागवत, पहिल्या काहिलीत काय जाणार?"

"माणसं, सर."

"गाढवा! पंचवीस वर्षं झाली तरी तेच. पहिल्यांदा दोर, मग चुलीचं सामान, मग माणसं. त्यांनी अख्खं बंदर तुकड्या-तुकड्यांनी बांधून समुद्रातून ओढत नेलं. का? पोटाला लागतंय म्हणून. सैनिक उतरवणं सोपं हाय, त्याला दुसऱ्या दिवशी जेवू घालणं अवघड."

मी एका गोदामात मालाच्या गाड्यांचं वेळापत्रक लावायचं काम करते. माझे साहेब हेच वाक्य भारी पगार घेऊन, पडद्यावर रंगीत चौकोन दाखवून सांगतात. मला ते कुणी शिकवलं हे त्या सतरंजीवर लख्ख कळलं.

सरांनी सगळं पुन्हा सांगितलं. शत्रूला दुसरीकडेच वाट बघायला लावण्यासाठी हवेने फुगवलेले खोटे रणगाडे मांडले होते. किनारा कसा आहे ते कळावं म्हणून लोकांकडून त्यांच्या जुन्या सहलींचे फोटो मागवले होते. (प्रवासाचे फोटो काढणाऱ्यांनो, आपलंही कधी भलं होईल!) आणि १९४४च्या जूनमध्ये, सगळी तयारी झालेली, काही जहाजं निघालेलीसुद्धा, तेव्हा हवा बिघडली म्हणून सरसेनापतीने सगळं एक दिवस पुढे ढकललं. "लाखभर माणसं तयार उभी हायत, आन एक माणूस म्हणतो, थांबा," सर म्हणाले. "जा म्हणायला छाती लागत न्हाई. थांबा म्हणायला लागते." मग माझ्याकडे वळून, "उज्ज्वला, पहाटे दगड."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी घाटावर. या वेळी आगटीकडे बघितलंसुद्धा नाही. पायऱ्या बर्फासारख्या, पदराला दव. पहिला दगड दिसला. दुसरा, तिसरा दिसला. चौथ्याला पाणी चाटत होतं. पाचव्याचा पत्ताच नाही. मी चपला काढून पाण्यात उतरले आणि पायाने चाचपून बघितला. गुडघाभर पाण्याखाली होता. अरे देवा, म्हटलं, आजच?

वर येऊन सांगितलं, "पाचवा बुडालाय. गुडघाभर. पाणी चढायलंय." आणि जो गिल्ला झाला! नाशिकहून आलेला एक जण म्हणाला, "अगं, लाइफ जॅकेट हायत की सगळ्यांकडं!" दुसऱ्याची संध्याकाळची गाडी होती. स्वयंपाकाला माणसं सांगून झालेली. "तेव्हा तर लय बिनधास्त म्हणलीस उघडा हाय म्हणून," कुणीतरी चेष्टेत म्हटलं. मी म्हटलं, "मी न्हाई म्हणायलेय. ज्याला जायचंय त्यानं सरांना विचारावं." सरांनी कुणाला विचारू दिलं नाही. काठी आपटली. "एक दिवस पुढं. हुरडा खा." सात जण चडफडत निघून गेले.

ती दुपार हुरड्याची. कोवळं कणीस गोवऱ्यांच्या आरावर भाजायचं, तळहातावर चोळायचं, लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचं. सर जरा बाजूला बाभळीखाली बसले होते. मी जाऊन शेजारी बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. आगटी, ओलं धुणं, मी घाटावर न गेलेली, सगळं. "तुमची बदली माझ्यामुळं झाली, सर. भागवतचा हात माझ्यामुळं मोडला."

सरांनी एक कणीस संपवलं, हात झटकले. "येडी हायस का? मी स्वतः घाटावर होतो त्या दिवशी पहाटे. पाचवा दगड बुडालेला माझ्या डोळ्यांनी बघितला. पण तालुक्याचे पाहुणे येऊन बसलेले, मला मिरवायची हौस. म्हणून दामटलं. तू काय सांगितलंस, त्यानं काय फरक पडणार होता? ओसरीवर बोललो ते खरंच बोललो."

मी ढसाढसा रडले. भागवत लांबून बघत होता, तो जवळ आला, आणि मी त्यालाही सांगितलं. तो वाकड्या हाताने पाठीत थापटून म्हणाला, "त्या हातामुळं त्या साली ऊसतोडीला जावं लागलं न्हाई मला. शाळेत बसलो, दहावी झालो. गप आता, चटणी खारट करशील."

तिसऱ्या दिवशी पाचवा दगड कोरडा. मी त्याच्यावर उभी राहून फोटो काढला, तो खाली टाकला आहे. मग उतरणी झाली! पहिल्या काहिलीत दोर, दुसरीत पातेली आणि तांदूळ, मग आम्ही पंधरा जण, नारिंगी जॅकेटं घातलेले, किंचाळत. काहील फिरते तेव्हा पोटात गोळा येतो, हे सांगून ठेवते, आणि भोई बरोबर असल्याशिवाय असलं काही करू नका. बेटाच्या वाळूवर पाय टेकला तेव्हा सर आधीच तिथे होते, भोयाच्या होडीतून आलेले, घड्याळ बघत. "चार मिनिटं उशीर," म्हणाले. बेटावर चूल पेटली, तहरी, म्हणजे आमच्याकडचा मसालेभात, शिजली, येसराच्या भाजक्या मसाल्याची आमटी झाली. इतकं हलकं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. जेवताना सरांना वाढायचा मान मी कुणाला दिला नाही.

पुण्याला परतले ती दहा किलो नवी ज्वारी घेऊन, सरांनी बळेच दिलेली. माझी माय आता माझ्याकडेच असते. तिला ज्वारी निवडायला बसवलं आणि सगळी हकीकत सांगितली. सर घाटावर होते, त्यांनी दगड बघितला होता, माझी काही चूक नव्हती, वगैरे. माय निवडता निवडता थांबली.

"घाटावर? त्या दिवशी?" ती म्हणाली. "अगं, ते तर पाचपासून आपल्या अंगणात होते. काहील आपल्या गुऱ्हाळाची नेलती ना? तुझा बाप आन ते दोघं मिळून ती बैलगाडीवर चढवायलेत, दोर तुटायलाय, पुन्हा बांधायलेत. मी दोनदा चहा केला. उजाडल्यावर गाडीवर बसूनच गेले मळ्याच्या उताराला. घाट कुठं, मळा कुठं. कवा बघितला त्यांनी दगड?"

मी फोन लावला. सरांना म्हटलं, माय असं असं म्हणतेय.

"वय झालंय त्यांचं," सर म्हणाले. "इसरल्या असतील."

"सर, माय तुमच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे."

पलीकडे सर खाकरले. "ज्वारी नीट पोचली का? उन्हात टाक दोन दिवस, न्हाईतर किडायची."

"पोचली, सर," मी म्हटलं. "सगळं पोचलं."