आमचा बुधवारचा व्यायामवर्ग

म्हाताऱ्या माणसांना व्यायाम शिकवायला लागलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच मागे लागतात! मी फिजिओथेरपिस्ट. मोहर्लीजवळ, जंगलाच्या कडेच्या एका गावात, समाजमंदिरात, दर बुधवारी आमचा वर्ग भरतो. सगळे सत्तरीपुढचे. आता हसतो, पण घडताना बहुतेक वेळा माझी पाचावर धारण बसली होती.

*

पार्वताबाई अंगणात पडल्या आणि त्या धास्तीनं उभ्याच राहीनात. बरेच दिवस व्यायाम करवून मी त्यांच्या पायांत जोर आणला. शेवटी खुर्ची धरून उठल्या, हळूच हात सोडला. पाय लटलट कापत होते.

मी म्हटलं, "शाब्बास! आता बसा."

"बसू कशी? ते तं तू शिकवलंच नाई!"

*

हमीदचाचा टेलर, एकटेच राहतात. एकदा वर्गाला आले नाहीत म्हणून घरी गेलो. दार बंद, आत कण्हणं. शेजारचे दोघे आणि मी, तिघांनी खांदे लावले, दार हलेना.

तेवढ्यात आतून क्षीण आवाज आला, "अरे, लोटून काऊन राह्यले? खींचो! दरवाजा बाहेर उघडते!"

खुब्याचं हाड मोडलं होतं. आता वॉकर घेऊन येतात. आणि रोज सकाळी शेजाऱ्याला हाक मारायची, हा आमचा पहिला व्यायाम झाला.

*

दादाजी धानाचे शेतकरी. एका दुपारी तोंड वाकडं, बोलणं बरळल्यासारखं. सून म्हणाली, "बाबा पिऊन आले वाटते. झोपू द्या."

दादाजींच्या बायकोनं रस्त्यावरची जीप थांबवली. "आज एकादशी हाय! आज हा मानूस दारूले शिवत नाई. याले दवाखान्यात न्या!"

अर्धांगाचा झटका होता. चंद्रपूरला वेळेत पोचले, वाचले. तेव्हापासून दारू बंद. म्हणतात, "पुढच्या वेळी वळखू आलं पाह्यजे ना!"

*

किसनभाऊ पार बहिरे. कानाचं मशीन मिळालं, पण घालायला तयार नाहीत. बायको, जनाबाई, वर्षानुवर्षं घसा फोडून बोलायच्या. त्या बुधवारी त्यांनीच ते जबरदस्तीनं घालायला लावलं.

वर्गानंतर आम्ही जंगलाकडच्या रस्त्यानं फिरायला निघालो. किसनभाऊ एकदम थांबले, हात आडवा केला.

"वानर खाकरून राह्यला."

वाघ दिसला की वानर तसं खाकरतं. आमच्या गप्पांत कुणालाच ऐकू आलं नव्हतं.

"पाठ दाखवू नोका. हळूहळू मागं सरका."

सरकलो. पुढचं गवत हललं. वाघीण रस्त्यावर आली, आमच्याकडे बघत थांबली. मागून दोन बछडे आले. पार्वताबाईंची नखं माझ्या मनगटात रुतली. मग वाघीण बछड्यांना घेऊन पलीकडे उतरली.

आम्ही गावात परतलो. समाजमंदिराच्या पायरीवर जनाबाई किसनभाऊंजवळ टेकल्या आणि, पहिल्यांदाच न ओरडता, त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या.

दादाजींनी विचारलं, "काय म्हनली रे?"

किसनभाऊ डोळे पुसत हसले.

"मले ऐकू नाई आलं!"