मंदासिस्टरची मूठ

संग्रामपूरच्या माझ्या दवाखान्यातले किस्से सांगायला बसलो की एकातून दुसरा निघतो. पण माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. पुस्तकातली पानं मला आठवतात. माणसांची वाक्यं मात्र मी नकळत सुधारून घेतो, अशी शंका येते.

सुनीता तिसऱ्यांदा गरोदर होती. आधीचे दोन्ही गर्भ तिसऱ्या महिन्यातच पडले होते. मी तिच्या सासूला समजावत होतो, "प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन गर्भाशयाचं अस्तर टिकवतं, स्नायू शांत ठेवतं. ते कमी पडत असावं, म्हणून दर आठवड्याला इंजेक्शन."

सासू नुसती बघत राहिली. मग आमच्या मंदासिस्टर म्हणाल्या, "आजी, पिशवीले उगी ठेवते हे औषध."

"मंग सुनेचं तोंड उगी ठेवाचं हाय का एखांदं?"

"हाय ना. पण ते सासूले टोचा लागते."

सुनीता त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

*

औषध तेलातलं, घट्ट. थंडीत सुईतून उतरायचं नाही. मी जोर लावला की सुनीता कळवळायची. मंदासिस्टर औषधाची काचेची अँप्यूल आधी पाच मिनिटं मुठीत धरून बसायच्या.

"साहेब, तुमची डिग्री मोठी हाय, पण हात थंडे हायेत."

तेव्हापासून सुनीताचं इंजेक्शन त्याच द्यायच्या.

*

माझा एक नियम होता: दवाखान्याबाहेर कुणाला सुई टोचायची नाही. सासूचाही एक होता: सुनेला आणायचं ते बाजाराच्या दिवशीच. एका आठवड्यात मतदानामुळे बाजार भरला नाही आणि सुनीता आली नाही. तिसरा महिना चालू होता. मी दिवसभर दाराकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी एक अँप्यूल कमी दिसली.

"फुटली जी माह्या हातून," मंदासिस्टर म्हणाल्या.

आधीच धास्तावलेलो. मी त्यांना नको तितकं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं.

पुढच्या बाजाराला सासू सुनीताला घेऊन आली. "बाजारच नव्हता, तं कशाले येऊ?"

सुनीता खाली मान घालून बसली होती.

गर्भ टिकला, मुलगी झाली. इंजेक्शनांमुळे की आपोआप, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. तो चुकलेला आठवडा मात्र वर्षानुवर्षं डोक्यातून गेला नाही.

*

गेल्या वर्षी त्या मुलीच्या लग्नात सुनीताला विचारलंच, "तेव्हा एक इंजेक्शन चुकलं होतं ना?"

"कुठं चुकलं जी? सिस्टरबाई आल्या होत्या ना, पायी. सासू वावरात होती. साहेबाले सांगू नको म्हने. मी पानी देऊन राह्यली होती, तं म्हने, पानी राहू दे बाई, आधी पालथी पड. मूठ उघडली का औषध थंडं होते."