खिशातला डावा हात

टिचकीचा डावा हात बापाने खिशात घातला, तो वायरीने मारून.

बाप रेडिओ दुरुस्त करायचा. रस्त्याकडे तोंड केलेली एक लांबोडकी खोली म्हणजे दुकान, आणि पडद्यामागची दुसरी म्हणजे संसार. टेबलावर कायम कुठलं तरी यंत्र पोट उघडं टाकून उताणं पडलेलं, आणि त्याचे काचेचे व्हॉल्व्ह लालसर पेटलेले. या यंत्रांत माणूस जागच्या जागी आडवा होईल इतका करंट खेळतो. प्लग काढला तरी थोडा वेळ आतल्या डब्यांत दबा धरून बसतो. एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून निघाला की त्याला वाटेत काळीज लागतं. म्हणून जुन्या कारागिरांचा रिवाज असा, की पेटत्या यंत्रात एकच हात घालायचा. दुसरा खिशात.

बापाने हे पोराला बसवून समजावलं वगैरे नाही. डावा हात टेबलाच्या कडेला नुसता टेकला तरी वायर सप्पकन मनगटावर उतरायची. "खिशात!" एवढाच धडा. वळावर वळ उठायचे. थोरली ताई मध्ये पडली की, "तुला कोणी नेमली गं वकील?" म्हणून तिच्याही पाठीत दोन बसायच्या.

भिंतीवर खिळ्याला एक दांडकं टांगलेलं होतं. कोरडं लाकूड, मनगटाएवढं जाड. "कोणी यंत्राला चिकटला तर हाताने ओढायला जायचं नाही, दोघंही मराल. हे घ्यायचं आणि हाणायचं," बाप म्हणायचा. "हाड मोडलं तर मोडू दे. मेल्यावर त्या हाडाचं काय लोणचं घालायचंय?" दांडकं सोडवण्यासाठी होतं खरं, पण झिजलं ते पोरांना बडवण्यातच.

त्यामुळे झालं असं, की धोका दिसला की टिचकीचा डावा हात आपोआप खिशात जायचा. यंत्राचा धोका आणि माणसाचा धोका यातला फरक त्या हाताला कोणी शिकवलाच नव्हता. शाळेत एका पोराने त्याचं नाक फोडलं तेव्हा तो उजव्या हाताने कसाबसा अडवत होता आणि डावा चड्डीच्या खिशात मूठ वळून बसला होता. गल्लीतली पोरं म्हणायची, "याच्याशी मारामारी करायची तर एक हात बांधून या रे, नाहीतर पाप लागेल."

बाप गेला, रेडिओही गेले. व्हॉल्व्ह राहिले ते गिटारवाल्यांच्या अॅम्प्लिफायरमध्ये, कारण त्या लोकांना तोच आवाज लागतो. टिचकी हे नाव त्यांनीच पाडलं. यंत्र सुरू करून तो पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेका व्हॉल्व्हला टिचकी द्यायचा. धड असलेला गप्प राहतो, आतून खिळखिळा झालेला स्पीकरमधून घंटेसारखा बोंबलतो. गिऱ्हाइकाला तो सांगायचा, "पुढचे छोटे व्हॉल्व्ह म्हणजे जीभ, मागचे मोठे म्हणजे छाती. जीभ बदला, आवाज तिखट होईल नाहीतर गोड. छाती बदला, किती ताणल्यावर फाटतो ते बदलेल. मोठ्यांची मात्र जोडी लागते. इथे नवरा-बायकोसारखं चालत नाही बरं का, दोघांनी सारखंच ओढावं लागतं."

हा विनोद त्याने ताईच्या नवऱ्यासमोर एकदाच केला.

ताईचा नवरा एका दारूच्या हॉलमध्ये बँडबरोबर गिटार वाजवायचा. त्याला सगळे करवत म्हणायचे, कारण त्याचा आवाज कान कापत जायचा आणि लोक त्यासाठीच यायचे. "मेव्हणे," तो दुकानात येऊन म्हणायचा, "अजून धार पाहिजे. शेवटच्या टेबलावरच्याच्या कानातून रक्त यायला पाहिजे." टिचकी व्हॉल्व्ह बदलून द्यायचा. दाजींना नाही कसं म्हणणार?

मग एकदा ताई आली ती गाल सुजवून.

"कपाटाचं दार लागलं," ती म्हणाली.

टिचकीने गालावरचा खोलगट वण पाहिला. "कपाटाच्या बोटात अंगठी होती का गं?"

ताई हसली, आणि हसता हसताच तोंडात पदर कोंबून रडली. मग म्हणाली, "वाजवायला बसतो तेव्हा बरा असतो रे. वाजवता वाजवता चढतो. तो आवाज चिरत गेला की त्याचे डोळे फिरतात. गिटार खाली ठेवली की मग माझी पाळी. छोट्या, तो आवाज जरा मऊ नाही का करता येणार?"

दुसऱ्या कोणी हे ऐकून कपाळाला हात लावला असता. पण हे पडले एका घरातले. मारणारा कोणी अडवल्याने थांबतो हे दोघांनी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि टिचकीची आयुष्यभराची विद्या एकच: बाहेरून सगळं तसंच ठेवायचं, आत एक काच बदलायची, की आवाज बदलतो. माणसाचंही तसंच असेल असं त्याला वाटलं.

अॅम्प साफसफाईला आला तेव्हा त्याने पहिला छोटा व्हॉल्व्ह उपसला आणि त्याच उंचीचा, तेवढ्याच पायांचा, पण कमी दमाचा दुसरा बसवला. काचेवरची अक्षरं अंगठ्याने पुसली. घामानेसुद्धा जातात ती. जुना व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून खणात ठेवला.

करवतीची धार गेली. आपलाच हात बिघडला असं समजून तो बिचारा दिवसदिवस सराव करत बसला. ताईने निरोप पाठवला, "सध्या गप्प आहे." टिचकीला वाटलं, जिंकलो. बापाच्या फोटोकडे त्याने जरा वर मान करूनच पाहिलं.

मग हॉलचा मालक करवतीला सगळ्या बँडसमोर म्हणाला, "कसली करवत? साबणाची वडी झालीय तुझी. उद्यापासून येऊ नकोस."

करवत अॅम्प घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाच्या कारागिराकडे गेला. त्याने आपल्याकडचा व्हॉल्व्ह लावून पाहिला आणि आवाज पुन्हा चरचरत उठला. "हा कोणी तरी मुद्दाम बसवलाय, साहेब," तो कारागीर म्हणाला. "अक्षरंसुद्धा पुसलीत बघा."

त्या दिवशी करवत घरी आला तो गिटारला हातही न लावता थेट स्वयंपाकघरात गेला. "भावाने कुठल्या हाताने काम केलं? उजव्याच ना? मग दे तुझा उजवा." त्याने ताईचा हात ओट्याच्या ड्रॉवरमध्ये धरला आणि गुडघ्याने ड्रॉवर बंद केला. पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. हाडांचा आवाज आला तरी थांबला नाही, ती शुद्ध हरपून खाली बसली तेव्हा थांबला.

टॉवेलात हात गुंडाळून ताई दुकानात आली. तीन बोटं मोडली होती. टिचकीने तिला दवाखान्यात नेलं, प्लास्टर घालून आणलं, मागच्या खोलीत निजवलं.

"आता परत गेले तर तो मला मारून टाकील, छोट्या," ती छताकडे बघत म्हणाली. "आजवर म्हणत होते ते उगीच. आजचं खरं आहे. मला पाठवू नकोस."

"नाही पाठवत," टिचकी म्हणाला. म्हणेपर्यंत डावा हात खिशात गेलेला होता. ताईने तो पाहिला आणि कूस बदलली.

प्लास्टर वाळतंय न वाळतंय तोच, भर दुपारी, करवत आला. अॅम्प काखेत, गिटार पाठीला. टेबलावर अॅम्प आदळून गोड आवाजात म्हणाला, "मेव्हणे, माझी चीज माझी मला द्या. आणि मागची जोडीही नवी टाका. आवाज असा पाहिजे की मालकाने पाय धरले पाहिजेत. मग आत बसलीय तिला चपला घालायला सांगा. दोन्ही घेऊन जातो."

"व्हॉल्व्ह देतो, दाजी," टिचकी म्हणाला. "ताई यायची नाही."

"आधी आवाज तर काढा."

टिचकीने यंत्राचं धूड खोक्यातून बाहेर काढलं आणि आडवं ठेवलं. मोठ्यांची जोडी नवी घातली. कापसातला छोटा त्याच्या जागी बसवला. नव्या जोडीचा करंट जुळवावा लागतो, आणि तो यंत्र उघडं आणि पेटतं ठेवूनच मोजावा लागतो. डावा हात खिशात, उजवा आत. एक द्यायचं आणि दुसरं राखायचं, एवढाच हिशोब त्याच्या डोक्यात होता.

करवतीने गिटार जोडली आणि एक तार ओढली. दुकान उभं चिरत आवाज गेला. फळीवरचे रिकामे डबे थरथरले. पडद्यामागे काहीतरी खणकन पडलं.

करवतीने गिटार भिंतीला टेकवली. "आली की नाही धार?" असं म्हणत त्याने पडदा दांडीसकट खाली ओढला आणि ताईला केसांना धरून बाहेर खेचलं.

"दाजी, सोडा तिला!" टिचकी मध्ये गेला. पहिली मूठ तोंडावर बसली. दुसरीला एक दात जिभेवर आला. तो मागे कोलमडला तो फळीवर, आणि बापाच्या वेळेपासून जमवलेले व्हॉल्व्ह खाली कोसळले. फुटताना एकेकाने फटकन श्वास सोडला. त्या काचांत तो पडला आणि करवतीने त्याच्या बरगडीत लाथा घालायला सुरुवात केली.

"काढ की तो हात! अरे, गडी आहेस ना? काढ बाहेर!"

टिचकी काढत होता. देवाशपथ काढत होता. हात निघेना. खिशात मूठ वळलेली, आणि मूठ त्याची नव्हतीच जणू.

ताईने करवतीच्या दंडाला चावा घेतला, रक्त येईपर्यंत. त्याने तिला भिंतीवर भिरकावलं. ती प्लास्टरचा हात डोक्यावर धरून कोपऱ्यात मुटकुळं करून बसली, आणि तो तिच्या डोक्यात घालायला काहीतरी जड शोधू लागला. टेबलावर अॅम्पचं उघडं धूड होतं.

"दाजी, हात लावू नका! पेटतंय ते!" टिचकी ओरडला.

करवतीने उजव्या हाताने लोखंडी चौकट पकडली आणि डावा थेट यंत्राच्या पोटात घातला.

तो किंचाळला नाही. किंचाळायला श्वास लागतो. दातखीळ बसली, मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या ताठल्या, आणि टेबल त्याच्यासकट थडथड हलू लागलं. स्पीकर घुरघुरत होता. बटण त्याच्या पाठीमागे होतं. त्याला ओलांडून तिथे जाता येत नव्हतं.

टिचकी कसा उठला ते त्याला आजही सांगता येत नाही. दांडकं खिळ्यावरून निघालं ते दोन्ही हातांत होतं.

पहिला घाव डाव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचं टिचकीला दांडक्यातून कळलं. हात सुटला, यंत्र धाडकन जमिनीवर पडलं, प्लग उपसून आला, दिवे विझले. करवत काचांत बसला आणि मासळीसारखा तोंड उघडून हवा ओढू लागला. माणूस सुटला होता. बापाने शिकवलेलं सगळं इथे संपत होतं.

टिचकीने दांडकं पुन्हा उचललं आणि जमिनीवर टेकलेल्या त्याच मनगटावर पुन्हा घातलं.

दवाखान्यात हवालदार आला. करवत खाटेवरून ओरडत होता, "दोन मारले साहेब! एकात सुटलो होतो मी! दुसरा मुद्दाम मारला, माझा वाजवायचा हात आहे तो!"

"एकात सुटलात हे तुम्हाला कळलं?" हवालदार म्हणाला. "मघाशी तर म्हणालात, शुद्ध नव्हती." मग तो ताईकडे वळला. "बाई, तुम्ही तिथेच होता. किती मारले?"

टिचकी भिंतीला टेकून उभा होता. तोंड सुजलेलं, दोन्ही हात बाजूला लोंबत होते. ताईने त्या हातांकडे पाहिलं.

"एक," ती म्हणाली. "चिकटला होता. सोडवला."

"डॉक्टर म्हणतात, हाड दोन जागी गेलंय."

"असेल. माझी तीन बोटं गेली, तेव्हा मोजायला कोणी आलं नव्हतं."

हवालदाराने तिच्या प्लास्टरकडे पाहिलं, करवतीकडे पाहिलं, आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "त्या बोटांचंही सांगा मग," तो म्हणाला. "सावकाश सांगा. मी बसतो."

ती सांगत असताना करवतीचा आवाज उतरला. शेवटी तो अजिजीने म्हणाला, "घरी चल गं. एका हाताने मी काय करू?"

"मलाही एकच आहे," ताई म्हणाली. "माझं चाललंय."

ती गेली नाही. पुढे कज्जा झाला, सह्या झाल्या, करवत गाव सोडून गेला. मनगट वाकडंच जुळलं. अॅम्प न्यायला कोणी आलं नाही. टिचकीने तो दुरुस्त केला आणि पहिल्या जागी पुन्हा तो मऊ व्हॉल्व्ह बसवायला घेतला.

"तो नको," ताई म्हणाली. "धारेचाच घाल. आवाजाने काय घोडं मारलं होतं? ज्या दिवशी बोटं मोडली, त्या दिवशी त्याने तार तरी छेडली होती का?"

ती आता टेबलाशी त्याच्या शेजारी बसते. तिची बोटं पूर्ण मिटत नाहीत, पण पेन्सिल धरण्याइतकी मिटतात. त्या दुपारपासून टिचकीचा डावा हात खिशात राहत नाही. पेटत्या यंत्रात उजवा घातला की डावा हळूच बाहेर येतो आणि टेबलाच्या कडेवर येऊन बसतो. ताई मनगटावर पेन्सिल हाणते.

"खिशात!"

"अगं, लागतं की."

"लागायलाच मारलंय. माझ्यासमोर मरायचं नाही."

एकदा असाच हात खिशात घालायला लावून तिने विचारलं, "त्या दुपारी दुसरा का मारलास रे?"

टिचकीने उजव्या हाताने यंत्रातला एक स्क्रू जरा फिरवला. "हात बाहेर आला होता," तो म्हणाला. "परत आत जाईना."

ताईने पेन्सिल उलटी केली आणि समोरच्या व्हॉल्व्हला टिचकी दिली. स्पीकरमधून काहीच आलं नाही.

"हा धड आहे," ती म्हणाली. "पुढचा बघ."