प्लेटांखालची तूर

जानेफळकडचं आमचं वावर सोलरवाल्यांना भाड्याने दिलं आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याच वावरात मी सासूबाईंसोबत मजुरीने गवत काढायला गेले. कामाला सगळ्या गावातल्याच बाया होत्या. वर सोलरच्या प्लेटांच्या रांगा, खाली गुडघाभर गवत. आम्ही नेहमीसारखी पात धरली आणि बोलत बोलत पुढे सरकलो.

दुपारी सुपरवायझर आला. गवत साफ झालं होतं, पण जागोजागी तुरीची झाडं उभी होती. जुन्या पिकाचे गळलेले दाणे उगवले होते. ती ठेवायची असं कुणी ठरवलं नव्हतं, तरी प्रत्येकीचा विळा त्यांना वळसा घालूनच गेला होता.

"हे काऊन ठेवलं?" तो ओरडला.

"तूर हाये ना बाप्पा," सासूबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, पोराला झाड ओळखू येत नाही.

"तूर असो नाही तर काही असो, उपटा! वाढली की प्लेटांवर सावली पडते. इथं काहीच उगवलं नाही पाह्यजे."

भर वावरात उभं राहून कुणी असं बोलू शकतं? माझ्या डोक्यात तिडीक गेली. सासूबाईंनी विळा खाली ठेवून त्याला विचारलं,

"मंग जमीन कायले पाह्यजे होती तुमाले?"

"खांब रोवाले," तो म्हणाला.

तो चेष्टा करत नव्हता. म्हातारीने विचारलं, म्हणून त्याने सरळ सांगितलं होतं.