साहेबांच्या घंटीला आम्ही सगळ्याजणी

छत्तीसगढ राज्य नवीन झालं तेव्हा रायपुरात जागोजागी नवी कार्यालयं उघडत होती आणि प्रत्येकाला एकेक साहेब लागत होता. आमच्या वाट्याला आले ते भोपाळहून. तेलीबांध्याजवळच्या एका भाड्याच्या बंगल्यात आमचं कार्यालय होतं. मालकाची झोपायची खोली साहेबांनी स्वतःसाठी घेतली, कारण तिच्या दाराला आतून कडी होती. तिथं बसून आपण राज्य घडवतोय, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आम्हाला दिसायचं ते एवढंच की ते घंटी वाजवतात.

आम्ही चार बायका कारकून होतो. चौथी सगळ्यांत नवी. नवरा नोकरीत असताना गेला, म्हणून तिला अनुकंपा नियुक्ती मिळाली होती. माहेर भंडाऱ्याकडचं, राहायची बीरगांवला सासूसोबत. माझ्याशी मराठी बोलायला मिळतं म्हणून डबा घेऊन माझ्याच टेबलाशी यायची.

घंटी वाजली की बोलावणं तिलाच. पत्र सांगायच्या आधी साहेब तिची साडी बघत, मग "अकेली कैसे रहती हो?" असं विचारत. तिनं दार उघडं ठेवलं की उठून लावत. संध्याकाळी थांबायला तिनं नकार दिला, तेव्हापासून तिच्या रजा नामंजूर होऊ लागल्या. एकदा भर हॉलमध्ये तिची फाईल जमिनीवर भिरकावून ते म्हणाले, "अनुकंपा से आई हो, अनुकंपा में रहो." आमचे पुरुष सहकारी फायलीत तोंड खुपसून हसले. घरी पोरीबाळी असलेली माणसं ती. बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, तर डोळे पुसेपर्यंत हसले.

दुसऱ्या दिवशी तिनं डबा उघडलाच नाही.

"ताई, मी नोकरी सोडून राहिली."

"काहून? तू काहून सोडशील?"

"मंग काय करू? काल त्यानं माह्या खांद्यावर हात ठेवला. मी मागं सरकली, तं म्हणे, डरती क्यों हो."

मी तिला तक्रार लिहायला बसवलं. नियमाप्रमाणे समिती नेमली गेली, आणि नेमली साहेबांनीच. अध्यक्ष ज्या बाई, त्यांचा गोपनीय अहवाल साहेब लिहीत. सदस्य ते दोघे, जे साहेबांसोबत रोज सकाळी फिरायला जात. बाईंनी तिला मायेनं विचारलं, "बेटा, तुमने साफ़-साफ़ मना किया था क्या?" साहेबांना काही विचारायचं त्यांना सुचलं नाही. गैरसमज झाला होता, असा निष्कर्ष निघाला. दोघांनी संयम राखावा आणि तक्रारदार बाईनं मनःशांतीसाठी अभिलेख कक्षात बसावं, अशी शिफारस झाली. अभिलेख कक्ष म्हणजे मागच्या बाजूची, एकही खिडकी नसलेली खोली. हात साहेबांचा आणि शांतीची गरज हिला!

"मी नाही जात तिथं," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढलेला ऐकला. नोकरी सोडायची गोष्ट तिनं पुन्हा काढली नाही.

मग आम्ही आपसात ठरवलं. पुढच्या वेळी घंटी वाजली आणि शिपायानं तिचं नाव घेतलं, तेव्हा चौघी उठलो. झाडूपोछा करणारी छत्तीसगढी बाई फडकं टाकून म्हणाली, "महूँ जाहूँ." मीही येते. पाचही जणी आत शिरलो. एकीनं खुर्ची ओढून दाराच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसली.

"मैंने सिर्फ़ इनको बुलाया है," साहेब म्हणाले.

"हव सर," मी म्हणाले. "हम इनके साथ हैं."

"काम क्या है आप लोगों का?"

"जो इनका है."

राज्य घडवणाऱ्या माणसानं त्या दिवशी टाचण्या आणि कार्बन पेपरच्या मागणीचं पत्र सांगितलं, तेही अडखळत. मग रोज हेच. आम्हाला कारणे दाखवा नोटिसा आल्या. आम्ही एकाच मजकुराची उत्तरं दिली आणि वरच्या विभागाकडे अर्ज केला: समिती साहेबांच्या हाताखालची नको, बाहेरची एक सदस्य हवी. वरचे लोक महिनोन् महिने हलले नाहीत. आम्ही पाळीपाळीनं त्यांच्या दारात जाऊन बसू लागलो, तेव्हा हलले.

नव्या समितीनं प्रत्येकीला वेगळं बोलावून विचारलं. झाडूवाल्या बाईनं साहेबांच्या खोलीच्या खिडकीतून पाहिलेलं सगळं सांगितलं. बडे बाबू म्हणाले, "मैंने तो कुछ देखा ही नहीं." ज्या माणसाला हसताना अश्रू आवरत नव्हते, त्याला ऐन वेळी दिसेनासं झालं.

साहेब दोषी ठरले. शिक्षा काय, तर एक वेतनवाढ बंद आणि दूरच्या जिल्ह्यात बदली. तिथल्या बायकांनी काय करायचं, हे कोणी लिहिलं नव्हतं. निरोपाच्या दिवशी आमच्या पुरुष सहकाऱ्यांनी हॉलमध्ये त्यांना शाल-श्रीफळ दिलं, गळ्यात हार घातला, आणि बडे बाबू माइकवरच्या भाषणात त्यांना पितृतुल्य म्हणाले.

आम्ही हॉलमध्ये गेलो नाही. कोणीतरी पेढ्यांचा डबा आमच्याकडे फिरवला. तिनं तो शिपायाला परत दिला.

"घेऊन जा भैया," ती म्हणाली, "आणि ते माइक बंद करा म्हणा. मले टायपिंग करायचं आहे."